टेम्पो सगळ्यात शेवटी: जोडीदार गेल्यावर मोठ्या मुलांना घेऊन कोकण किनाऱ्यावर बिऱ्हाड हलवताना

नवरा किंवा बायको गेल्यावर मुंबई-ठाण्याचं घर आवरून मालवण, वेंगुर्ला, देवगड, गुहागर, दापोली, श्रीवर्धनकडे जाणारी कुटुंबं बहुतेक एकाच जागी फसतात. आधी टेम्पो भरतात, मग शाळा शोधतात आणि कागदांकडे सर्वांत शेवटी वळतात. सहा महिन्यांनी कळतं की फ्लॅटच्या कामासाठी दर तारखेला ठाण्याला जायचं आहे, मुलगी दहावीच्या मधोमध अडकली आहे आणि गावच्या घराच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचंच नाव आहे. बरोबर क्रम याच्या उलटा आहे: कागद, पैसा, मुलं, शाळा, पावसाळ्यातलं राहणं, घर आणि मग टेम्पो.

मुलं 13 ते 17 वयाची आहेत असं धरून पुढचं लिहिलं आहे. आई असो की बाप, टप्पे तेच. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा 1: शहर सोडण्याआधीचे कागद

यासाठी तीन-चार महिने हाताशी ठेवा. यातली बरीच कामं मृत व्यक्ती जिथे राहत होती किंवा मिळकत जिथे आहे तिथल्याच कार्यालयात होतात.

मृत्यूचा दाखला. नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. बहुतेक वेळा ती रुग्णालयाकडून होते, पण मृत्यू घरी झाला असेल तर ती तुम्हाला करावी लागते. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दाखल्याच्या मूळ प्रती निदान 10 काढा. नाव आधार, पॅन आणि बँकेच्या पासबुकावर आहे तसंच हवं. 'सुरेश' आणि 'सुरेशचंद्र' एवढ्या फरकावर दावे महिनोन्महिने पडून राहतात. दुरुस्ती दाखला हातात पडल्याबरोबर मागा. गावाहून परत येऊन ती करणं फार जड जातं.

गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर. तो बंद करू नका. बँक, पीएफ, विमा, आयकर, वीजबिल, सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. वर्षभर रिचार्ज चालू ठेवा आणि ते सिम एका साध्या फोनमध्ये टाकून घरात ठेवा.

> इशारा: त्यांच्या एटीएम कार्डावरून किंवा यूपीआयवरून पैसे काढत राहू नका. पिन माहीत असला तरी मृत्यूनंतरचे असे व्यवहार पुढे बाकीच्या वारसांसमोर तुमच्याच अंगावर येतात. बँकेत दावा करा. कागद पूर्ण दिल्यावर तो 15 दिवसांत निकाली काढायचा असतो.

पीएफ. खासगी नोकरी असेल तर दावे तीन असतात, एक नव्हे. पीएफच्या रकमेसाठी फॉर्म 20, पेन्शनसाठी 10-डी, विम्यासाठी 5-आयएफ. विम्याचा फॉर्म हमखास राहतो, आणि त्यात जास्तीत जास्त 7 लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. पेन्शनमध्ये जोडीदाराला एक हिस्सा मिळतो आणि त्याच्या 25 टक्के प्रत्येक मुलाला, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या 25 वर्षांपर्यंत. म्हणून 10-डी भरताना मुलांची बँक खाती आणि जन्मदाखले सोबत हवेत. पुनर्विवाह केला तर जोडीदाराची ही पेन्शन थांबते. पुढेमागे तसा विचार असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

सरकारी नोकरी असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनासोबत अनुकंपा नियुक्तीची चौकशी शहर सोडण्याआधीच त्याच कार्यालयात लेखी करा. अर्जाला मुदत असते.

गाडी. आरटीओला 30 दिवसांत कळवून तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी नावावर करायची असते. नाव न बदलता ती गावी नेली आणि तिथे अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. हा कागद बाकी कुठल्याही यादीत सापडणार नाही, आणि विधवा आईला तो पुढे सर्वांत जास्त रडवतो. मुलांच्या जातपडताळणीला वडिलांकडचे पुरावे लागतात: त्यांचा शाळेचा दाखला, आजोबांची शाळेतली किंवा महसुली नोंद. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. सासरचे संबंध चांगले आहेत तोवर हे कागद गोळा करून साक्षांकित प्रती काढून ठेवा. बारावीच्या निकालानंतर दिराच्या घरी जाऊन जुना ट्रंक उघडायला सांगणं सोपं नसतं.

तपासा: मृत्यूच्या दाखल्याच्या 10 प्रती, तिन्ही दाव्यांच्या पोचपावत्या, गाडीचं आरसी, वडिलांकडचे जातीचे पुरावे. हे सगळं एका फाइलमध्ये आलं की पुढे चला.

## टप्पा 2: वाटा कोणाचा, आणि फ्लॅट का विकू नये

बँकेत, सोसायटीत, पीएफमध्ये 'नॉमिनी' म्हणून तुमचं नाव असेल तर आनंद आहे, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने रक्कम किंवा मिळकत ताब्यात घेणारा. मालकी वारसाहक्काच्या कायद्याने ठरते.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा हिस्सा मिळतो. आई हयात असेल तर तिला वगळून चालत नाही. फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर होता, मागे बायको, दोन मुलं आणि सासूबाई आहेत, तर प्रत्येकी चौथाई. फ्लॅट दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा होता, तर त्याच्या निम्म्याचे चार वाटे, म्हणजे सासूबाई आणि मुलांना प्रत्येकी एक-अष्टमांश आणि तुमच्याकडे पाच-अष्टमांश. बायको गेली असेल तर हिशेब वेगळा: तिच्या मिळकतीत नवरा आणि मुलं सारखे वाटेकरी, आणि ते असताना तिच्या आईवडिलांना वाटा येत नाही. ख्रिस्ती कुटुंबात जोडीदाराला एक-तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन-तृतीयांश. मुस्लिम कुटुंबात मुलं असताना विधवेला एक-अष्टमांश, विधुराला चौथाई.

आता मुख्य चूक. 'गावी घर बांधू, फ्लॅट विकून टाकू' असं ठरतं, गिऱ्हाईक येतं, टोकन घेतलं जातं, आणि वकील विचारतो, "मुलं सज्ञान आहेत का?" अठरा वर्षांखालच्या हिंदू मुलाचा स्थावर मिळकतीतला असा वाटा आई किंवा बाप जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही. विकला तर मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागू शकतं, म्हणून चांगला खरेदीदार आणि कर्ज देणारी बँक आधीच मागे सरतात. अज्ञान मुलाच्या वतीने हक्कसोडपत्र करून घेण्याची क्लृप्ती नोटरीच्या बाहेर सर्रास सांगितली जाते, ती न्यायालयात टिकत नाही. परवानगीचा अर्ज मिळकत जिथे आहे तिथल्या न्यायालयात करायचा असतो. फ्लॅट ठाण्यात आणि तुम्ही मालवणात, तर प्रत्येक तारखेला कोकण रेल्वे.

आमचं मत साफ आहे: पहिलं वर्ष फ्लॅट विकूच नका. सोसायटीत नोंद करून घ्या आणि 11 महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सने भाड्याने द्या. त्या भाड्यात किनाऱ्यावरच्या छोट्या गावातलं घरभाडं सहसा भागून वर उरतं, आणि परतीची वाट उघडी राहते.

विम्याचे पैसे होम-स्टेत घालण्याचा मोहही असाच. किनाऱ्यावरचा धंदा दिवाळीपासून मे अखेरपर्यंत. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या, आणि खाऱ्या हवेने गंजलेल्या गिझर-पंख्यांची दुरुस्ती मात्र बारमाही. समुद्रापासून 500 मीटरच्या आत सीआरझेडचे (किनारपट्टीवरच्या बांधकामांचे नियम) निर्बंध लागू होऊ शकतात, त्यामुळे 'मागे दोन खोल्या वाढवू' हेही तिथे परस्पर होत नाही. एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण हंगाम पाहिल्याशिवाय रुपया घालू नका.

## टप्पा 3: मुलांना सांगण्याचा क्रम

तेरा वर्षांचं मूल बातमी ऐकतं, सोळा वर्षांचं मूल व्यवहार ऐकतं. दोघांना एकाच बैठकीत एकच गोष्ट सांगून भागत नाही.

1. ठरलेलं आणि न ठरलेलं वेगळं सांगा. 'आपण जातोय, मे महिन्यात' हे ठरलं असेल तर 'तुम्हाला काय वाटतं?' असं उगाच विचारू नका. आपलं मत फक्त विचारण्यापुरतंच होतं, हे मुलांना लगेच कळतं आणि मग ती खऱ्या प्रश्नालाही उत्तर देत नाहीत.
2. काही निर्णय खरोखर त्यांच्यावर सोडा: कुठली खोली, कुठला क्लास, सायकल की बस, मित्रांना भेटायला वर्षातून कोणत्या दोन वेळा यायचं. त्या दोन खेपांचं तिकीट त्यांच्यासमोर काढा. कोकण रेल्वेचं सुट्टीतलं आरक्षण उघडल्या दिवशीच भरतं.
3. प्रत्येकाला एक खोका द्या, मध्यम आकाराचा. त्यात गेलेल्या आईच्या किंवा बाबांच्या वस्तूंपैकी काय ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं आणि वर स्वतःचं नाव घालायचं. तो खोका कोणी उघडायचा नाही, 'हा फाटका शर्ट कशाला' असं म्हणायचंही नाही.

> इशारा: 'आता तूच घरातला कर्ता पुरुष' हे वाक्य नातेवाइकांना म्हणू देऊ नका. मुलीला 'आता तूच आई' हेही नको. पंधरा वर्षांचं मूल ते शब्दशः घेतं, रडणं बंद करतं आणि सहा महिन्यांनी अभ्यासही बंद करतं.

झोप पूर्ण उलटणं, जेवण तुटणं, मित्रांशी बोलणं थांबणं, मरणाबद्दल बोलणं, यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर बिऱ्हाड हलवणं पुढे ढकला आणि आधी डॉक्टर गाठा. मरणाचं बोलणं असेल तर दोन आठवडेही थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास आणि मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. गावी गेल्यावरही तोच उपयोगी पडतो, कारण तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ रोज बसेलच असं नाही.

## टप्पा 4: शाळा

दहावीत किंवा बारावीत असलेलं मूल हलवू नका. त्या वर्षात शाळा-कॉलेज बदलायला मंडळाची आणि शिक्षण खात्याची परवानगी लागते, विषय जुळले नाहीत तर तीही अडते, आणि परीक्षेचे अर्ज शाळेमार्फत दिवाळीच्या आसपास भरले जातात. नववीत किंवा अकरावीत जाताना हलवलेलं सगळ्यांत सोपं. एक दहावीत आणि दुसरं सातवीत असेल तर सगळ्यांनी एक वर्ष थांबायचं. मोठ्याला मामाकडे ठेवून बाकीच्यांनी जायचं हा उपाय कागदावर छान दिसतो, पण आधीच एक माणूस गेलेल्या घराचे आणखी दोन तुकडे करतो.

कुठलं विभागीय मंडळ? अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन रायगड जिल्ह्यात, म्हणजे मुंबई विभागीय मंडळातच. दापोली, गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत रत्नागिरी-सिंधुदुर्ग हे कोकण विभागीय मंडळाखाली. अभ्यासक्रम तोच, पण मंडळ बदललं की स्थलांतराच्या दाखल्याचा प्रश्न येतो, म्हणून जुन्या शाळेत तो आधीच विचारून ठेवा. पुढची पदवी दोन्हीकडे मुंबई विद्यापीठाचीच.

माध्यम. शहरात इंग्रजी माध्यम किंवा सीबीएसई असेल तर हा खरा अडथळा. तालुक्याच्या गावात बळकट शाळा सहसा जुनी मराठी हायस्कुलंच असतात, आणि तिथे सेमी-इंग्रजी मिळतं: गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. इंग्रजी माध्यमातून आलेलं मूल गणितात तरतं आणि इतिहास-भूगोलाच्या मराठी उत्तरांत बुडतं. नववीत टाकायचं असेल तर जानेवारीपासून रोज एक पान मराठी लिहून घ्या. वाचन नव्हे, लेखन.

अकरावी. 2025-26 पासून प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पसंतीक्रम भरताना नव्या गावचं ज्युनिअर कॉलेज घाला, पण आधी तिथे जाऊन हवा तो विषय प्रत्यक्ष शिकवला जातो का ते पाहा. माहितीपत्रकात जीवशास्त्र असतं, शिक्षक नसतात. 'मागच्या वर्षी या विषयाची प्रॅक्टिकल कोणी घेतली?' हा एक प्रश्न प्रयोगशाळेच्या मदतनीसाला विचारला की खरं कळतं.

सोबत न्यायचं: शाळा सोडल्याचा दाखला, शेवटच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, आधार, यू-डायसवरचा कायम शिक्षण क्रमांक. दाखल्यावरचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या कार्यालयात उभ्यानेच वाचून घ्या. वडील वारले म्हणून मुलाच्या नावातून वडिलांचं नाव काढायचं नसतं. काही क्लार्क उत्साहाने तसं सुचवतात.

## टप्पा 5: एकदा पावसात राहून पाहा

मे महिन्यात कुठलंही किनाऱ्याचं गाव गोडच वाटतं. आंबे, वारा, पाहुणे. निर्णय घेण्याआधीच्या जुलै किंवा ऑगस्टमध्ये निदान आठ दिवस मुलांसह राहा. पर्यटक म्हणून लॉजवर नको, भाड्याच्या खोलीत. स्वयंपाक घरी करा. लाइट किती तास जाते, घरात मोबाइलला रेंज येते का, सकाळची एसटी शाळेच्या वेळेत पोचते का, ओला गणवेश दुसऱ्या दिवशी वाळतो का (वाळत नाही, तीन जोड लागतात), हे त्या आठ दिवसांत कळतं.

याच खेपेत दवाखाना पाहून ठेवा. एकच प्रश्न विचारायचा: सर्पदंशाची लस इथे आहे, की पुढे पाठवतात? फुरसं कोकणात कातळावर, चिऱ्याच्या गडग्यात, लाकडांच्या ढिगात सर्रास असतं. दंश झाला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, पाय हलवू न देता थेट लस असलेल्या रुग्णालयात. पावसाळ्यात शेताच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला तर लेप्टोची शंका डॉक्टरांना स्वतःहून सांगा. शहरातून आलेला माणूस अंगावर काढतो.

## टप्पा 6: घर

पहिलं वर्ष भाड्याचं घर, गावात वडिलोपार्जित घर असलं तरीही. कारण ते घर सहसा एकट्याचं नसतं.

उतारा वाचणं. सातबारा काढा आणि नावं पाहा. तीन गोष्टी हटकून निघतात. एक, आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव अजून तसंच. मग आधी त्यांची वारसनोंद, मग सासऱ्यांची, मग नवऱ्याची, याच क्रमाने. मधली पिढी गाळून नोंद होत नाही. दोन, थोरल्या काकांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीच्या भावांची नावं त्यामागे दडलेली असतात, तेव्हा उताऱ्यावर नवऱ्याचं नाव नाही म्हणजे हक्क नाही असं समजू नका, जुने फेरफार काढा. तीन, तुमची मुलं अज्ञान असतील तर त्यांची नावं 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई, अशी लागली पाहिजेत. नुसतं तुमचं नाव लावून घेऊन परतू नका.

अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (अजून सगळे तलाठीच म्हणतात) किंवा ई-हक्क प्रणालीवर. सोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. मग फेरफार लिहिला जातो, हितसंबंधितांना 15 दिवसांची नोटीस जाते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी तो मंजूर करतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसेल, तर ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा किंवा नगरपरिषदेची घरपट्टी पाहा. घरपट्टी मालकीचा पुरावा नाही, हेही लक्षात असू द्या.

> इशारा: भाऊबंदांना न कळवता सामाईक घराची एक खोली उघडून राहायला जाऊ नका, आणि नळ-लाइट आपल्या नावावर घेण्याची घाईही नको. फोन करा, कोणती खोली, किती दिवस ते व्हॉट्सअपवर लिहून पाठवा. गणपतीत त्याच घरात वीस माणसं येणार आहेत, आणि तुमच्या दहावीच्या मुलीची खोली तेव्हा कोणाची, हे ऑगस्टमध्ये नव्हे, मे महिन्यात बोला. पुनर्विवाह केला तर वाटा जातो, असं कोणी दरडावलं तर घाबरू नका. वारसाने आलेला हिस्सा त्याने जात नाही.

भाड्याचं घर पाहताना मे महिन्यात छपराकडे पाहा. कौलं परतून घेतली आहेत का, वासे वाळवीने पोकळ झालेत का (टाचणी टोचून पाहा), जादा कौलं 25-30 तरी मागे रचलेली आहेत का. भिंती ओलावतात, म्हणून मीटरपाशी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घेण्याची अट घाला. करार नोंदवूनच घ्या. पुढे आधारवरचा पत्ता, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, सगळं त्याच कागदावर उभं राहतं.

विहीर. पिण्याचं पाणी विहिरीचं असेल तर राहायला जाण्याआधी आणि पावसात दर आठवड्याला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकावी लागते. घरमालक 'मूठभर टाका' म्हणतो. मूठ मोजमाप नव्हे.

- विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. दोरीला दगड बांधून खोली मिळते.
- व्यास × व्यास × खोली × 0.785 केलं की घनमीटर. 3 मीटर व्यास आणि 3 मीटर पाणी म्हणजे साधारण 21 घनमीटर, म्हणजे 21,000 लिटर.
- 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम चांगली पावडर. इथे 53 ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, पण काट्यावर कागद ठेवून.
- प्लास्टिकच्या बादलीत पावडर थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करा, मग पाऊण बादली पाणी घालून 10 मिनिटं ठेवा. खाली चुना बसतो.
- वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढा. तळचा चुना विहिरीत टाकू नका, त्याने पाणी जड होतं.
- दुसरी बादली विहिरीत सोडून पाण्याखाली वरखाली हलवा. निदान एक तास पाणी उपसायचं नाही. रात्री जेवणं झाल्यावर टाकलं की सकाळी सोयीचं.

पावडरीचं पाकीट उघडं राहिलं तर महिनाभरात ती निकामी होते. वास उडाला की नवी आणा. हे काम सोळा वर्षांच्या मुलाकडे द्यायला हरकत नाही. हिशेब आहे, जबाबदारी आहे, आणि चुकलं तर वासावरून लगेच कळतं.

## टप्पा 7: टेम्पो

परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण कोकणात येतो, शाळा जूनच्या मध्याला उघडतात. टेम्पो 20 मेच्या आत पोचला पाहिजे. लाकडी कपाट, गाद्या आणि पुस्तकं पहिल्या पावसात भिजली तर ऑक्टोबरपर्यंत वाळत नाहीत.

कागदांची फाइल टेम्पोत नको, हातात हवी. मूळ कागद एका हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. किनाऱ्यावर कपाटातल्या कागदांना दोन महिन्यांत बुरशी धरते. लोखंडी कपाट आणायचं असेल तर पाय विटांवर ठेवा.

पोचल्यावरच्या पंधरवड्यात या क्रमाने: करार, आधारवरचा पत्ता, गॅस, रेशनकार्ड, बँकेची शाखा, उत्पन्नाचा दाखला. त्यानंतर बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. सिंधुदुर्गात ते ओरोसला. एक पालक गेलेल्या मुलांना पात्र ठरल्यास 18 वर्षांपर्यंत दरमहा 2,250 रुपये मिळतात. जुन्या जिल्ह्यात आधीच चालू असेल तर तिथून प्रकरण वर्ग करून घ्या. दोन जिल्ह्यांत दोन अर्ज दिसले की दोन्ही थांबतात.

## टप्पा 8: समुद्र आणि स्कूटर

मुलांना धोका या दोन्हींचा, आणि गावातली मुलं दोन्ही सहज वापरतात म्हणून तो दिसत नाही.

भरतीची वेळ काढायला शिकवा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा तास मिळतो: चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यापुढे-मागे सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ हिशेब आहे, होडीत बसायचं असेल तर छापील तक्ता पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढतं. खडकावर बसलेल्यांची परतीची वाट पाठीमागून बंद होते.

जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते, म्हणजे त्या काळात मदतीला होडीही पाण्यात नसते. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. कुठे ओढ आहे हे गावच्या रापणवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, विचारा. फलक नसला तरी त्यांना जागा ठाऊक असते. किनारा सुरक्षेचा नंबर 1093, मुलांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

स्कूटरचं म्हणजे, नववीतली पोरं ती चालवतात आणि कोणी अडवत नाही. पकडलं किंवा धडक झाली तर गुन्हा पालकावर: 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत परवाना नाही. दोघांपैकी एकच पालक उरलेल्या घरात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. सायकल घ्या, गिअरची नको. खाऱ्या हवेत गिअर वर्षभरही टिकत नाहीत.

## टप्पा 9: पहिल्या वर्षातल्या तारखा

वर्षश्राद्ध किंवा स्मृतिदिन कुठे करायचा हे महिनाभर आधी ठरवा. शहरात करणार असाल तर शाळेला आधी चिठ्ठी द्या. मुलं वर्गात 'कुठे गेला होतास' याचं उत्तर देत नाहीत आणि गैरहजेरीची बोलणी खातात. वर्गशिक्षकांना वडील किंवा आई गेल्याचं तुम्हीच पहिल्या दिवशी सांगा, मुलाने सांगायची वेळ आणू नका.

शेजारी विचारणारच: कशाने गेले, किती दिवस झाले, आता पुढे काय. एक ठरलेलं वाक्य घरात सगळ्यांना पाठ असू द्या, तेवढंच सगळ्यांनी सांगायचं. हळदीकुंकवाला बोलावलं की नाही, हा प्रश्न पहिल्या चैत्रात उभा राहतो. बोलावणं आलं तर जा. आलं नाही तर त्या घराशी दुधाचा किंवा रिक्षाचा व्यवहार असल्यास तो तसाच चालू ठेवा.

फ्लॅटचा 11 महिन्यांचा करार मेपासून धरला तर मार्चअखेर संपतो. जानेवारीत मुलांसोबत बसा आणि प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगा: राहायचं, की परत जायचं, आणि का. आपलं उत्तर त्यांच्याआधी बोलून दाखवू नका. भाडेकरूला दोन महिन्यांची आगाऊ सूचना आणि नव्या वर्षाचे शाळेचे प्रवेश, दोन्ही त्याच सुमाराला येतात.